सकाळी नऊवारी, दुपारी गाऊन: कोणत्या डिझायनरचा बघू?

अबोली_एडिसन:
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतीये, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

येत्या ऑक्टोबरमध्ये माझं लग्न आहे, इथेच न्यू जर्सीत. मुलगा इटालियन-अमेरिकन, घरचे पक्के कॅथलिक. सकाळी नऊला हॉलवर आपल्या पद्धतीने लग्न, गुरुजी ठरलेत, आई-बाबा आणि आत्या पुण्याहून येतायत, दुपारी तीनला चर्च आणि मग रिसेप्शन. नऊवारीचं काही टेन्शन नाही, आईने दिवाळीतच घेऊन ठेवलीये. गाऊनमधलं मात्र मला ओ की ठो कळत नाही.

होणाऱ्या सासूबाई भारी उत्साही आहेत, रोज फोटो पाठवतात. हा व्हेरा वँग, हा मोनीक लुलिए, हा ऑस्कर डे ला रेंटा, ही गालिया लहाव, ही प्निना टोर्नाय. खरं सांगू का, मला सगळे सारखेच दिसतात, पांढरे आणि महाग. पैठणीत मला लांबून कळतं कुठली हातमागाची आणि कुठली नाही, इथे काय बघायचं तेच माहीत नाही. बजेट 3000 डॉलर, ऑल्टरेशन धरून. उंची पाच फूट एक इंच, कंबरेखाली भरलेली, रंग सावळा. नवऱ्याच्या आजीची एकच अट आहे, चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत. माझ्या आईची अट, मंगळसूत्र दिसलं पाहिजे आणि हातातला चुडा उतरवायचा नाही. मेंदी तर कोपरापर्यंत असणारच.

गेल्या शनिवारी एका दुकानात गेले होते, तिथल्या बाईंनी मला भल्यामोठ्या गाऊनमध्ये उभं केलं, पाठीमागून आठ-दहा चिमटे लावले (आपण चादरी वाळत घालताना लावतो तसले, फक्त मोठे) आणि म्हणाल्या बघ किती सुंदर. वर माप घेऊन कागदावर 14 साईज लिहिला. मी एरवी 8 घालते हो! गाडीत येऊन रडले. तर कुणाचा गाऊन कशासाठी ओळखला जातो, माझ्यासारखीने कुठे बघावं, कुठे फिरकूच नये, जरा समजावून सांगा.

रेवा_डॅलस:
अगं आधी डोळे पूस. ब्रायडल साईजचं गणितच वेगळं असतं, आपल्या रोजच्या साईजपेक्षा एक-दोन नंबर मोठाच येतो, सगळ्यांना. मी रोज 6 घालते, गाऊन 10 चा होता. आणि माप तुझ्या सगळ्यात रुंद जागेवरून धरतात, तुझ्या बाबतीत हिप्सवरून धरलं असणार, कारण आत घेता येतं पण नसलेलं कापड आणायचं कुठून. त्या नंबरकडे बघूच नकोस, लेबल काय आतच असतं.

माझा गाऊन सँपल सेलमधला. दुकानात घालून बघायला ठेवलेले असतात ना, ते सीझन संपला की निम्म्या किमतीला आणि कधीकधी त्याच्याही खाली काढतात. 2600 चा मला 1150 ला मिळाला, खालची कड मळलेली होती, ती ड्रायक्लीनमध्ये निघाली. वर ऑल्टरेशनला 700 गेले ते वेगळे, ते कुणी आधी सांगत नाही. तेव्हा तुझे 3000 म्हणजे गाऊनला 2200 धर.

नवा ऑर्डर करणार असशील तर मात्र आत्ताच हल, शिवून यायला पाच-सहा महिने सहज लागतात आणि मग दोन-तीन फिटिंग. ऑक्टोबर म्हणजे फार लांब नाहीये. डिझायनरांबद्दल सुईदोरा सांगेल, तिला आवाज दे.

सुईदोरा:
आले आले. मी पॅटर्न कटिंग शिकवते, मुंबईत, त्यामुळे जरा लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

अबोली, फोटो बघताना लेस, मणी, फुलं यांच्याकडे बघूच नको. एकच प्रश्न विचार, हा गाऊन अंगावर कुठून लटकलाय? नऊवारीचा सगळा भार कंबरेच्या गाठीवर असतो, वर पदर कितीही जरीचा असू दे. गाऊनचं तेच आहे. बिनबाह्यांचा स्ट्रॅपलेस गाऊन छातीवर टिकतो असं लोकांना वाटतं, तो टिकतो आतल्या पट्ट्यावर. चांगल्या गाऊनच्या आत कंबरेशी एक जाड रिबिनीचा पट्टा असतो, वेस्ट स्टे म्हणतात, आधी तो हुकने घट्ट लावायचा आणि मग झिप. परकराची नाडीच म्हण ना. तो पट्टा आणि बोनिंगच्या, म्हणजे आत शिवलेल्या उभ्या कडक पट्ट्या मिळून सगळं वजन उचलतात. दुकानात गाऊन हातात घेतलास की उलटा करून आत बघ, बाहेरून बघण्यापेक्षा जास्त कळेल. पट्टा नसेल तर नवरी दिवसभर गाऊन वर ओढत बसते, असे व्हिडिओ पाहिले असतीलच.

आता माणसं. व्हेरा वँग आधी फिगर स्केटिंग करायची, मग कितीतरी वर्षं व्होग मासिकात एडिटर, मग राल्फ लॉरेनकडे. 1989 मध्ये चाळिशीत स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मनासारखा गाऊन मिळेना, सगळीकडे फुगलेल्या बाह्या आणि केकवरच्या बाहुलीचे झगे, म्हणून तिने स्वतःच काढला आणि 1990 मध्ये न्यूयॉर्कला दुकान टाकलं. तिची खूण म्हणजे मुद्दाम थोडं बिघडवलेलं सौंदर्य. एकाच बाजूला चुण्या, ट्यूलचे, म्हणजे तलम जाळीचे, थरावर थर पण नीट न बसवलेले, कंबरेला काळी रिबीन. 2012 च्या पानगळीच्या सीझनसाठी तर तिने काळे गाऊन आणले होते, नवरीसाठी काळे! बघायला मला फार आवडते ती, पण हे पसरलेले थर पाच फूट एक इंचावर सांभाळणं अवघड. शिवाय तिचं खास कलेक्शन तुझ्या बजेटच्या पार पलीकडचं. मधे तिने बार्सिलोनाच्या प्रोनोव्हियासबरोबर व्हेरा वँग ब्राइड म्हणून जरा आवाक्यातली लाइन काढली होती, सँपल सेलमध्ये मिळाली तर घालून बघ.

मोनीक लुलिए मूळची फिलिपीन्समधल्या सेबूची, 1996 पासून लॉस एंजेलिसला. लेस, तलम ट्यूल, फुलं, हलकासा गुलाबी रंग. हॉलिवूडच्या रीझ विदरस्पूनने 2011 मध्ये लग्नात तिचाच फिकट गुलाबी गाऊन घातला होता. ऑस्कर डे ला रेंटा वेगळा माणूस, डोमिनिकन रिपब्लिकचा, त्याचं काम म्हणजे जुन्या घरंदाज बाईसारखं, कंबर बरोबर कंबरेवर, खाली भरदार घेर, लेसची फुलं हाताने जोडलेली. जॉर्ज क्लूनीची बायको अमल, तिचा 2014 चा व्हेनिसमधला लग्नाचा गाऊन त्याचा, आणि पुढच्याच महिन्यात तो गेला. एली साब बैरूतचा, त्याच्याकडे सगळा भर मण्यांवर. जेनी पॅकहॅम लंडनची, तिचेही मणी, पण तिचे गाऊन सरळ खांद्यावरून सोडलेले, 1920-30 च्या धाटणीचे, आत बोनिंग जवळजवळ नाही, म्हणजे सगळं वजन खांद्यांवर. मण्यांचा गाऊन किती जड होतो ते हातात धरल्याशिवाय कळत नाही, संध्याकाळी सातला खांदे बोलायला लागतात.

गालिया लहाव, बर्टा ही तेल अवीवची मंडळी, आणि प्निना टोर्नायही मूळची इस्रायलचीच, न्यूयॉर्कच्या क्लाइनफेल्ड या दुकानात तिचे गाऊन असतात. यांची खूण म्हणजे आरपार जाळी, खोल गळा, दिसणारं कॉर्सेट. आजी तिथेच बाद करणार, ते सोड, पण आपल्या रंगाच्या मुलींसाठी खरी गोची वेगळी आहे. त्या जाळीला न्यूड म्हणतात, पण ती कुणाच्या अंगाचा रंग धरून? गोऱ्यांच्या! सावळ्या अंगावर ती पिठूळ पांढुरकी दिसते, जळल्यावर बँडेज लावल्यासारखी. बरेच ब्रँड आता गडद शेडमध्ये जाळी देतात, पण मागावी लागते, आपणहून कुणी काढत नाही. जाळीचा गळा घेणार असशील तर हे पहिलं विचार.

आणि तुझ्यासाठी माझ्या मनात आहे ते म्हणजे साधं, जाड, नितळ कापड. मिकाडो किंवा क्रेप. मिकाडो म्हणजे जरा कडक, अंगचं वजन असलेलं रेशीम, घडी घातली की घडी राहते, आपल्या जुन्या कांजीवरमसारखं. प्रोनोव्हियास हे बार्सिलोनाचं घर यात मुरलेलं. मेगन मार्कलचा 2018 चा गाऊन आठव, क्लेअर वेट केलरने जिव्हाँशीसाठी केलेला. बोट नेक, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा गळा, थ्री-फोर्थ बाही, खांदे झाकलेले, आणि तो सगळा गाऊन फक्त सहा शिवणींवर उभा होता. लोक म्हणाले काहीच नाही यात. अहो काहीच नसणं हेच कठीण, लेसखाली सगळ्या चुका लपतात, नितळ कापडावर एक टाका सरकला तरी दिसतो. डोक्यावरून मागे सोडलेल्या जाळीच्या बुरख्यावर, व्हेलवर, मात्र राष्ट्रकुलातल्या 53 देशांची फुलं भरली होती, आपलं कमळही होतं त्यात.

कंबरेखाली भरलेलं असेल तर ए-लाइन, म्हणजे कंबरेपासून खाली A सारखा पसरत जाणारा, कंबर जरा वर घेतलेली. मर्मेड, म्हणजे गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली जलपरीच्या शेपटीसारखा फुललेला, नको असं मी म्हणत नाही, पण मर्मेडमध्ये मांडी घालून बसता येत नाही आणि आपल्या लग्नात कधी बसायला लावतील सांगता येत नाही.

अबोली_एडिसन:
सुईदोरा, दंडवत! काल क्रेपचे फोटो बघत बसले होते. एक बाळबोध शंका. बायस कट, बायस कट म्हणून सासूबाई एक नाव सारखं घेतात, कॅरोलिन बेसेट, ते तरी साधंच आहे ना?

सुईदोरा:
दिसायला. जॉन केनेडींच्या मुलाशी लग्न करताना तिने घातलेला 1996 चा तो गाऊन नार्सिसो रॉड्रिगेझचा. आतल्या स्लिपसारखा सरळ, ना लेस ना मणी. बायस म्हणजे कापड आडवं-उभं न कापता तिरकं, 45 अंशात कापायचं, मग तेच रेशीम अंगावर पाण्यासारखं ओघळतं आणि ताणलंही जातं. हे तंत्र 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हिओनेने गाजवलं. अडचण अशी की बायसचं कापड टांगून ठेवलं की लोंबतं, म्हणून खालची कड कापण्याआधी ते निदान एक दिवस तसंच लटकवून ठेवायचं असतं, घाईत हे टाळलं की कड खालीवर होते. आणि आत काही आधार नाही. जिला खाताना श्वास रोखावा लागणार नाही तिनेच घालावा, एवढंच म्हणते. तुझ्याकडे त्याच दिवशी पंगत आहे.

निवांत_काका:
वाचून करमणूक झाली. आमच्या वेळी शालू दादरला, सूट शिंप्याकडे, विषय संपला. पण मला एक सांगा, ती प्रियांका चोप्रा 2018 ला जोधपूरला जो बुरखा घालून चालली तो म्हणे 75 फुटांचा होता! 75 फूट म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापासून गेटच्याही पुढे. नवरी चर्चच्या आत आणि टोक अजून रिक्षा स्टँडवर. धरायला किती माणसं लागली असतील?

आणि डायनाचा गाऊन आम्ही दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिलेला, 1981 साली. बाहेर आली तेव्हा सगळा चुरगळलेला. राजघराण्यात इस्त्री नव्हती का?

रेवा_डॅलस:
काका 😀 तो तॅफेटा होता, चटकन चुरगळणारं कडक रेशीम, इस्त्री करून काय होणार. 25 फुटांची ट्रेन, म्हणजे मागे लोळणारा भाग, वर एवढा घेर, आणि वडिलांबरोबर बसायला ती काचेची बग्गी. कोंबून बसवलं, मग काय होणार.

सुईदोरा:
डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल, नवरा-बायको, दोघांनी केला तो गाऊन. गाऊन बग्गीत बसतो का हा प्रश्न उशिरा विचारला की असं होतं. अबोली, तू हॉलवरून चर्चला कशातून जाणार आहेस?

प्रियांकाचा तो गाऊन राल्फ लॉरेनचा. वरचा कोट काढला की आत सरळ स्ट्रॅपलेस गाऊन, आणि भरतकामालाच 1826 तास लागले. ती कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे, चर्चमध्ये वरून लेसचं जॅकेट नाहीतर बोलेरो, म्हणजे आखूड जॅकेट, घालायचा आणि रिसेप्शनला काढून ठेवायचा. आजी खूश, तूही खूश.

आणि भरतकामाचं निघालंच आहे तर, पॅरिसच्या मोठमोठ्या घरांचं कितीतरी हातकाम मुंबईत होतं हे लोकांना माहीतच नसतं. आरी, जरदोजी, अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून चार-चार, सहा-सहा कारागीर दोन्ही बाजूंनी बसलेले असतात. 2023 च्या मार्चमध्ये डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तोही यामुळेच, त्यांचं बरंच काम इथल्या चाणक्य या संस्थेकडे असतं. नाव पॅरिसचं, सुई आपली. माझे विद्यार्थी परदेशी डिझायनरांच्या नावाने वेडे होतात तेव्हा मी त्यांना आधी अड्डा दाखवायला नेते.

वसईकरीण:
मी इथे कधीमधीच लिहिते पण हा विषय माझ्या घरचा आहे. आम्ही वसईचे ख्रिस्ती, माझी आई चाळीस वर्षं गाऊन शिवत होती, मीपण शिवते. आमच्याकडे नवरी चर्चला पांढऱ्या गाऊनमध्ये आणि नंतर लाल साडीत, गोव्यातही गाऊन उतरवला की लाल साडो असतो, त्यामुळे एका दिवसात दोन वेश हे आम्हाला नवीन नाही. तुझ्यासारख्या नवऱ्या मला दर सीझनला भेटतात.

वर ताईंनी छान सांगितलं, मी फक्त हाताचं सांगते. एक, चुडा. काचेच्या हिरव्या बांगड्यांना जोडाची बारीक धार असते, लेसच्या बाहीत अडकलीच म्हणून समज. माझ्या एका नवरीने गळाभेट घेतली आणि बाही टर्रकन. तुला चुडा ठेवायचाय ना, मग मनगटापर्यंत बाही नको, कोपराच्या जरा खाली थांबणारी घे, थ्री-फोर्थ. मेंदीपण दिसते, चुडापण मोकळा राहतो. आणि बाही नितळ कापडाची, लेसची नको. जोडव्यांचंही तेच, आतल्या जाळीच्या कॅनकॅनमध्ये अडकतात, बंद बूट घाल नाहीतर त्यावर पातळ मोजा.

दोन, मंगळसूत्र. बोट नेक फोटोत राणीसारखा दिसतो पण मंगळसूत्र कापडावर लोळतं, आणि वाट्या उलट्या होतात. चौकोनी गळा घे. नाहीतर व्ही, बेताचा. काळे मणी अंगावर टेकले पाहिजेत.

तीन, ट्रेन. चर्चमध्ये मागे पसरलेली ट्रेन सुंदर दिसते, नंतर तिच्यावर पन्नास लोक पाय देतात. तिला मागून उचलून अडकवायची सोय करतात, त्याला बसल म्हणतात. बाहेरून बटणं आणि कापडाचे छोटे लूप लावून वर घेतात तो एक प्रकार, आतून रिबिनींना नंबर घालून गाठी मारतात तो दुसरा. ऑल्टरेशनवालीला सांग की करवलीला शिकवून ठेव, व्हिडिओ काढून घे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सगळं केलं आणि नेमकं हेच कुणाला दाखवायचं राहिलं, मी स्वतः गाऊनखाली डोकं घालून टॉर्च तोंडात धरून गाठी मारत होते आणि बाहेर बँड सुरू झालेला.

चार, हॉलो टू हेम. गळ्याच्या खळीपासून खाली जमिनीपर्यंतचं माप, लग्नातल्याच टाचा घालून घ्यायचं. तू बुटकी आहेस, माफ कर, मीपण तेवढीच आहे. ऑर्डर करतानाच हे माप द्यायला सांग, ब्रँड कमी उंचीचा गाऊन करून देत असेल तर थोडे पैसे जातील पण लेसची कड वाचेल. नाहीतर नंतर खालून पाच इंच कापायचे म्हणजे लेस उसवा, वर सरकवा, पुन्हा हाताने लावा, तिथेच पाचशे डॉलर जातील तुमच्याकडे.

आणि रंग. एकदम पांढरा शुभ्र घेऊ नकोस, आपल्या रंगावर तो निळसर मारतो. आयव्हरी घे.

अबोली_एडिसन:
वसईकरीण ताई, टॉर्च तोंडात 😂 पण हे सगळं सोनं आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवले. आता एक भीती उरलीये. हळद! शुक्रवारी हळद ठेवलीये आणि शनिवारी लग्न. माझ्या मावसबहिणीला लावली होती तेव्हा दोन दिवस मान पिवळी होती. आयव्हरी क्रेपवर पिवळी कॉलर नको ना यायला.

मीनलमावशी:
अगं बाई, बरं झालं विचारलंस. हळद बुधवारी कर. आपल्यात आदल्या दिवशी करतात हे खरं, पण गुरुजींना विचार, ते काही नाही म्हणणार नाहीत. अगदीच शुक्रवारी ठेवायची तर मानेला आणि पाठीला नुसतं बोट लाव, गालाला आणि हातापायाला भरपूर चोपडू दे काकवांना. हळदीत दूध-बेसन जास्त, हळद कमी. रात्री तेल लावून पुसून काढायची आणि मग बेसनाने अंघोळ. सकाळी पांढरा सुती रुमाल ओला करून मानेवर जोरात घासून बघ. रुमाल पिवळा झाला तर गाऊनपण होणार.

आणि डाग पडलाच तर साबण लावू नकोस, हळदीला साबण लागला की लाल होते, आपल्या ओट्यावर रोज बघतो आपण. थंड पाण्याने टिपायचं आणि गप्प बसायचं. नंतर उन्हात टाकला की उडतो, पण लग्नात ऊन कुठून आणणार.

मेंदीची काळजी नको, एकदा वाळून खरवडली आणि रंग चढला की कापडाला लागत नाही. फक्त आदल्या रात्री लिंबू-साखर लावलेली नीट निघाली पाहिजे.

अवांतर: पांढऱ्या गाऊनवरून तुझी आई कुरकुर करते का गं? माझ्या भाचीच्या वेळी आमच्याकडे महाभारत झालं होतं.

अबोली_एडिसन:
मावशी, झालं थोडं. आई म्हणाली, लग्नात पांढरं कशाला. मग सासूबाईंनीच तिला फोनवर सांगितलं की त्यांच्याकडेही पांढरा रंग काही अनादि काळापासून नाहीये, आधी नवऱ्या आपला बरा कपडा असेल तो घालायच्या, रंगीत सुद्धा, 1840 ला व्हिक्टोरिया राणीने पांढरा घातला आणि हळूहळू सगळ्यांनी तिची नक्कल केली. आई म्हणे, म्हणजे इंग्रजांनीच केलं. तेव्हापासून दोघींची गट्टी आहे.

सुईदोरा:
आईला अ‍ॅन लोचीही गोष्ट सांग, मला फार जवळची आहे. जॅकलीन केनेडीचा 1953 चा गाऊन तिने शिवला, कृष्णवर्णीय बाई, तिची आणि आजीचीही शिवणकामातच हयात गेलेली. लग्नाच्या दहा दिवस आधी तिच्या वर्कशॉपमध्ये पाण्याचा पाइप फुटला, नवरीचा गाऊन आणि करवल्यांचे बरेचसे पाण्यात. तिने कुणाला कळू न देता पुन्हा कापड आणलं, पुन्हा शिवलं, पदरचे पैसे घातले, वेळेवर पोचवलं. दारात तिला म्हणाले मागच्या नोकरांच्या दाराने या, तर म्हणाली तसं असेल तर गाऊन परत नेते. पुढच्याच दाराने आत गेली. पेपरात तिचं नाव जवळजवळ कुठेच आलं नाही. आज त्या गाऊनचा घेर पुढून बघ, गोल गोल चुण्या घातल्यात, एवढ्या जाड तॅफेटावर त्या बसवणं म्हणजे काय असतं ते शिवणाऱ्यालाच कळेल.

निवांत_काका:
हे माहीत नव्हतं. टोपी काढली.

अबोली_एडिसन:
(दोन महिन्यांनी वर आणतीये.)

घेतला! कुणाचा ते सांगितलं तर तुम्ही हसाल, लेबलच नाहीये, सँपल सेलमध्ये कुणीतरी आतून कापलेलं. दुकानवाली म्हणाली तीन सीझन जुना आहे. मी आधी उलटा करून आत बघितलं, जाड पट्टा होता, बोनिंग होतं, शिवणींना आतून रेशमी पट्टी लावलेली. बाई बघतच राहिली, म्हणाली तुम्ही शिवता का? मी म्हटलं माझ्या ओळखीच्या शिवतात.

आयव्हरी क्रेप, ए-लाइन, चौकोनी गळा. बाही नव्हती, तर ऑल्टरेशनवालीने ट्रेनमधून कापड काढून कोपराखाली येईल अशी बाही लावायचं कबूल केलंय, ट्रेन दीड फूट कमी होईल, त्याचं मला काहीच वाटत नाही. गाऊन 980, ऑल्टरेशन 640 सांगितलंय. बसल बटणांचा, पाच लूप. करवली, म्हणजे माझी नणंद, तिची शिकवणी पुढच्या फिटिंगला.

सासूबाई तिथे बसल्या होत्या, मी बाहेर आले तर पहिलं वाक्य, यात खाली बसून दाखव. बसले. मांडी नाही जमली, पण पाटावर बसता येईल एवढं नक्की.

हळद बुधवारी ठरलीये. आणि सुईदोरा, चर्चला आम्ही सासऱ्यांच्या मिनीव्हॅनमधून जाणार आहोत, मागची सीट काढून.

वसईकरीण:
बाही लावताना काखेत चौकोनी जोड घालायला सांग हां, नाहीतर आजीला मिठी मारताना हात वर जाणार नाही.